डच बाईचे ठसे

माझे इंग्लंडमधल्या मेडनहेडचे घरमालक खोली भाड्याने देताना पगार विचारत नसत, व्हिसा विचारत नसत, आधीच्या घरमालकाची शिफारसही मागत नसत. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर एक चित्र टांगलेलं असे. येणाऱ्याला ते त्या चित्रासमोर उभं करत आणि विचारत, "काय दिसतं?"

मी गेले तेव्हा खिळ्यावर गोठलेला कालवा होता. काळ्या शाईत छापलेलं, वहीच्या पानाएवढं चित्र. बर्फावर एक पाद्री सपशेल आपटला होता आणि भोवती माणसं जमली होती. सकाळपासून ओल आलेल्या खोल्या बघून मी वैतागले होते, त्यात ही तोंडी परीक्षा. मी म्हटलं, "एक माणूस पडलाय."

"बरं. आणि?"

"बाकीचे हसतायत."

"सगळे? परत बघ."

मी परत बघितलं. कोपऱ्यातली एक बाई हसत नव्हती. ती वाकून पाद्र्याची टोपी उचलत होती, आणि वाकताना तिचीच टोपली कलंडून मासे बर्फावर सांडत होते. ते कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, तिच्याही नाही. मी तसं सांगितलं.

"खोली तुझी," काका म्हणाले. "सामान केव्हा आणतेस?"

माझ्या आधी बँकेतला एक मुलगा येऊन गेला होता. त्याने चित्राकडे बघून "नाइस" म्हटलं आणि बॉयलर किती जुना आहे ते विचारलं. काकांनी त्याला शेजारच्या स्लाऊला बघ म्हणून सांगितलं, तिकडे खोल्या मोठ्या असतात.

काका मुंबईचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. घराणं मूळचं अलिबागकडचं. तरुणपणी ते इंग्लंडला आले आणि स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका लहानशा छापखान्यात लागले, ते छापखाना बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. बायको गेल्यावर घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी खोली भाड्याने द्यायला काढली आणि जाहिरात मुद्दाम मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लावली. त्यांच्या मराठीत अजून किनाऱ्याकडचा "गो" होता आणि त्याच वाक्यात "मशीन रूम" आणि "फोरमन"ही असत. माझं पुण्याचं मराठी त्यांना पुस्तकी वाटायचं. "तू बोलतेस ते छापील आहे," असं ते म्हणत, आणि छापखान्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या तोंडून ती स्तुती आहे की टीका हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

घरातली सगळी चित्रं एकाच बाईची होती. ती डच होती. काका तिचं नाव घेत नसत, नुसतं "डच बाई" म्हणत. ती लाकडात चित्रं कोरायची. मुलांच्या पुस्तकांत, कॅलेंडरांवर, फुलझाडांच्या बियांच्या पाकिटांवर तिची चित्रं असायची. हाताने चालवायचं जुनं यंत्र स्लाऊच्या त्या छापखान्यात अजून होतं, म्हणून ती हॉलंडहून आपले ठसे कापडात गुंडाळून घेऊन यायची, आणि त्या यंत्रावर काम करणारे काका असायचे.

ठसा म्हणजे काय हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बटाटा अर्धा कापून शिकवलं. जे पांढरं हवं ते कोरून काढायचं, जे काळं हवं ते उंच ठेवायचं. वर शाई लावायची आणि कागदावर दाबायचं. कागद उचलला की चित्र तयार, फक्त आरशातल्यासारखं उलटं. ठशात डावीकडे असेल ते कागदावर उजवीकडे येतं. मी टेबलावर बीटाच्या रसाचे ठसे उमटवत बसले आणि त्या बटाट्यांची मग त्यांनी भाजी केली. ती गुलाबी झाली होती.

छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने ठसे स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या पेटीत, टाकायला काढले. काकांनी हॉलंडला फोन केला. बाई म्हातारी झाली होती, हात थरथरत होते, तिला ते परत नेऊन काय करायचं होतं? ती म्हणाली, तूच ठेव, पण नुसते ठेवू नकोस, बघत जा. काकांनी ते शब्दशः घेतलं. बाकीच्या घरांत जिथे टीव्ही असतो तिथे त्यांनी भिंतभर कप्प्यांचं कपाट करून घेतलं. एकेका कप्प्यात एक ठसा आणि त्याच ठशावरून छापलेला कागद, लाकडी चौकटीत बसवलेला. दर रविवारी सकाळी एक कागद खिळ्यावर चढायचा आणि आधीचा उतरायचा. शनिवारी नाही. शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी ते दिवाही लावत नसत, तर चित्र कुठलं बदलणार.

रविवारी चहाच्या वेळी मला बोलवणं यायचं. "काय दिसतं?" मी सांगायची, ते "परत बघ" म्हणायचे, मी परत बघायची. सुरुवातीला मला ह्याचा राग यायचा. आठवडाभर मी तेच करत होते. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं माझं काम, रविवारी तरी डोळ्यांना सुट्टी नको का? पण त्या चित्रांत दर वेळी काहीतरी निघायचं. बाजारातल्या गर्दीत एका माणसाच्या दोन्ही पायांत वेगवेगळे बूट असायचे. शाळेच्या वर्गात सगळ्यांनी हात वर केलेले असायचे आणि मास्तर खिडकीतून बाहेर बघत असायचे. डच बाई कधी कुणाची थट्टा करत नसे, पण तिच्या नजरेतून कुणी सुटतही नसे. काही महिन्यांनी मी शनिवारीच विचारायला लागले, उद्या कुठलं.

"परत बघ" हे त्यांचं सगळ्याच बाबतीतलं म्हणणं होतं. बिन रिकामा झाला नाही म्हटलं की परत बघ. फ्रीजमधलं दूध संपलं म्हटलं की परत बघ. एकदा घरच्यांनी मला एका स्थळाचे फोटो पाठवले. मी फोन त्यांच्यापुढे धरला, तर त्यांनी तो हातात घेतला नाही. "लग्न तुला करायचंय, माझ्या डोळ्यांनी कशाला बघतेस? तू सांग काय दिसतं." मी वर्णन करत गेले. निळा शर्ट, गाडीला टेकून. मग सूट, गाडीचं दार उघडताना. मग महाबळेश्वर, मागे गाडी. "मुलगा कसा आहे?" काकांनी विचारलं. मला सांगता येईना. गाडी मात्र मी रस्त्यात ओळखली असती. त्या स्थळाला नकार कळवला.

हे सगळं असलं तरी आमचे एका बाबतीत खटके उडायचे. मी म्हणायची, तळ्यातली बदकं डावीकडे चालली आहेत. ते म्हणायचे, उजवीकडे. मी म्हणायची, चर्च ह्या बाजूला आहे. ते म्हणायचे, त्या. आणि दर वेळी मी माघार घेत होते, कारण माझं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं आहे. घास कुठल्या हाताने घेते ते आठवून मला उजवी बाजू ठरवावी लागते. त्या काळात मी मेडनहेडच्या राउंडअबाउटवर गाडी शिकत होते आणि ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास झाले होते. काका म्हणत, "बदकं कुठे चालली हे जिला कळत नाही, तिला रस्त्यावर कोण सोडणार गो?" मला ते पटायचं.

त्यांची मुलगी दीना कार्डिफला राहायची. तिथल्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचं काम करायची. तिचं मराठी आईकडून आलेलं, अर्धवट, पण ते बोलायचा तिचा हट्ट असे. महिन्यातून एकदा ती यायची, डबे भरून ठेवायची, आणि निघताना न चुकता म्हणायची, "डॅड, आता पुरे झाला. तू आमच्याकडे ये."

काकांना हे घर सोडायचं नव्हतं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. ह्या घरात त्यांची बायको गेली होती, ह्या घरात ते कपाट होतं, आणि कार्डिफच्या दीनाच्या घरी जिन्याखाली सायकली ठेवायलाही जागा नव्हती. शेवटी बापलेकीत एक करार झाला होता. तो मला दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितला. काका म्हणाले होते, "ज्या दिवशी मला डच बाईची चित्रं दिसायची थांबतील, त्या दिवशी मी आपणहून बॅग भरीन. तोवर हा विषय नको." दीना हो म्हणाली होती. ती मला बाजूला घेऊन विचारायची, "डॅडचा डोळे कसा आहे?" आणि मी अगदी खरं सांगायची की माझ्यापेक्षा चांगले आहेत. मला टोपली दिसते तिथे त्यांना टोपलीतला मासा माहीत असतो.

आता आठवायला बसले की सगळं स्पष्ट दिसतं. चहा ओतताना ते बोटाचं टोक कपात धरायचे. मी त्यावर उपाय म्हणून माझा चहा मीच ओतून घ्यायला लागले. क्रिकेट रेडिओवर ऐकायचे आणि ऐकताना मांडीवर एखादा ठसा घेऊन त्यावरून हात फिरवत बसायचे. लोक मांजर घेऊन बसतात, हे लाकूड घेऊन बसतात, एवढाच मी विचार केला. घरात वावरताना त्यांचा हात सतत कशावर तरी असे. पण त्यालाही माझ्यापाशी कारण तयार होतं. त्यांच्या प्रत्येक दाराच्या चौकटीला एक लहानशी डबी तिरकी ठोकलेली होती, आत प्रार्थनेचा कागद. येता-जाता त्या मेझुझाला बोटं लावायची आणि बोटांचं चुंबन घ्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. दाराशी हात जायचा तो तिथून भिंतीवर, भिंतीवरून खुर्चीच्या पाठीवर. मला वाटायचं, किती देवभक्त माणूस आहे.

एक ठसा मात्र कपाटात नव्हता. तो त्यांच्या पलंगाजवळ असे. त्यात काका स्वतः होते, तरुण, पाठमोरे, छापखान्याच्या यंत्रावर वाकलेले, एक हात कमरेवर आणि दुसऱ्याने यंत्राचा दांडा ओढताना. डच बाईने ते चित्र मशीन रूममध्ये स्टुलावर बसून, समोर बघत सरळ लाकडावर काढलं आणि कोरलं. काका डावखुरे. त्यांचा डावा हात जसा दिसला तसा तिने डावीकडे कोरला. कागदावर छापल्यावर अर्थातच सगळं उलटलं आणि काका उजव्या हाताने दांडा ओढायला लागले.

"आयुष्यभर उलटं कोरणारी बाई," काका सांगत, "आणि त्या दिवशी विसरली. कागद बघून तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, मी तुझ्याकडे बघत होते, त्यात लाकूड विसरले."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, राहू दे. लाकडात मी बरोबर आहे ना."

तो कागद त्यांनी खिळ्यावर कधीच लावला नाही. खोटा कागद म्हणत त्याला. एवढं सांगून ते दुसऱ्या विषयावर जात आणि मीही जास्त विचारत नसे.

दीना त्या रविवारी आली तेव्हा बाहेर झाडांची पानं गळून संपत आली होती. तिने केक आणला होता. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो आणि खिळ्यावर सायकलवाली होती. ते काकांचं लाडकं चित्र. मी नेहमीप्रमाणे वर्णन करायला तोंड उघडलं, तर दीना म्हणाली, "तू नको. आज डॅड सांगेल. मला लहानपणी सांगायचा तसा."

काका खूश झाले. चहाचा कप दोन्ही हातांत धरून, चेहरा भिंतीकडे करून त्यांनी सुरू केलं. "समुद्राकाठचा बांध. त्यावरून एक बाई सायकल मारत डावीकडे चाललीय. वारा समोरून. कोट मागे उडतोय, उजवीकडे. तिचं डोकं इतकं खाली की हँडलला लागेल. हँडलला पिशवी, पिशवीतून बदकाची मान बाहेर. आणि बदक मागे बघतंय. सगळ्या चित्रात ते एकटंच आरामात आहे, कारण वारा त्याच्या पाठीला लागतोय."

हे त्यांनी इतकं छान सांगितलं की मी चित्राकडे बघायलाच विसरले होते. दीना बघत होती. तिने कप खाली ठेवला.

"डॅड, ती कुठल्या साइडला चालली म्हणाला?"

"डावीकडे. समुद्राच्या वाऱ्यात."

मी भिंतीकडे बघितलं. घास कुठल्या हाताने घेते ते आठवलं. परत बघितलं. बाई माझ्या घासाच्या हाताकडे चालली होती. उजवीकडे. ह्या वेळी मला शंका नव्हती, कारण दीनाचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि दीनाचं डावं-उजवं चुकणं शक्य नव्हतं. तिच्या कामात ते चुकलं तर भलत्याच गुडघ्यावर सुरी चालते. प्रत्येक फोटोवर डावं की उजवं ह्याची खूण करण्यात तिचं नोकरीतलं आयुष्य गेलं होतं.

ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "आणि माझ्या बेडच्या वर होता तो, मार्केटवाला? त्यात cat कुठे बसते?"

"उजव्या कोपऱ्यात. पिंपावर."

दीना उठली, चहाच्या पिशव्या गोळा केल्या आणि त्या बागेतल्या बिनमध्ये टाकायला गेली. खरं तर त्या टाकायला स्वयंपाकघरातच डबा होता. मी तिच्या मागे गेले.

"मांजर माझ्या उशीच्या बाजूला होती," ती म्हणाली. "लेफ्टला. I went to sleep looking at that cat. He's not seeing them. तो ब्लॉक वाचतो. सकाळी हातानी ब्लॉक वाचतो आणि मग आपल्याला सांगतो. ब्लॉकमध्ये सगळा उलटा असतो."

मला तळ्यातली बदकं आठवली, चर्च आठवलं, माघार घेतलेले सगळे रविवार आठवले. मी तिला ते सांगितलं. ती बिनचं झाकण धरून उभी राहिली.

"इतके वर्ष मला पाहिजे होता की डॅडनी यावं," ती म्हणाली. "आता मला फक्त आत जाऊन बोलायचा आहे, आणि मला बोलवत नाही. आपण गप्प बसलो तर? He knows every inch of this house. अजून एक विंटर. तू आहेस ना इथे."

मला त्या क्षणी तिला हो म्हणायचं होतं. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही, कारण रविवारच्या त्या चहाशिवाय ह्या देशात मला कुणाचंच बोलवणं नव्हतं. पण गॅसवर पाणी उकळत असलं आणि मी कामावर असले तर काय, हेही डोळ्यांपुढे येत होतं. आम्ही दोघी काही न ठरवता आत आलो.

काका खिळ्यापाशी उभे होते. चित्रावरच्या काचेवर त्यांची डाव्या हाताची बोटं होती.

"काच गार असते नुसती," ते म्हणाले. "तिच्यातून काही कळत नाही." मग माझ्या दिशेने वळून म्हणाले, "कुठे चुकलो गो?"

त्यांनी दीनाला विचारलं नाही, मला विचारलं. बहुतेक मुलीवर ती वेळ आणायची नव्हती. मी दीनाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"काका, ती उजवीकडे चाललीय," मी म्हटलं.

ते चक्क हसले. "हो की. कागदावर ती उजवीकडेच जाते." खुर्ची चाचपून ते बसले. "आधी मी डोक्यात उलटवून घ्यायचो. हाताला डावं लागलं की तोंडाने उजवं सांगायचं. छापखान्यातल्या माणसाला त्यात काय कठीण? पण कागद दिसेनासा झाला तसा तो आठवेनासाही झाला. हाताला रोज लाकूडच लागतंय. मग लाकूडच खरं वाटायला लागलं. उलटवायचं विसरलो." मग त्यांना काहीतरी सुचलं. "म्हणजे ती बदकं डावीकडेच चालली होती. तुझं बरोबर होतं. टेस्ट बुक कर, ह्या वेळी पास होशील."

"डॅड," दीना म्हणाली, "काही घाई नाही. एक विंटर थांबूया."

"नको. ठरलंय तसं करू. मला ती दिसत नाहीत, दीना. मधोमध डाग आहे, जिथे बघावं तिथेच येतो. कडेने दिसतं थोडं. तू दिसतेस कडेने. केस पांढरे झालेत की खिडकीचा उजेड आहे, ते कळत नाही."

"पांढरे झाले, डॅड," दीना म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. काकांनी केक कुठे आहे विचारलं आणि आम्हा दोघींना कापून दिला. तुकडे लहानमोठे झाले होते, मोठा त्यांनी स्वतःकडे ओढला.

घर आवरायला हिवाळा गेला. काकांची अट एकच होती. "कागद वाटून टाका, ते डोळेवाल्यांचे आहेत. ठसे मी नेणार." दीना म्हणाली, लाकडाचे एवढे ठोकळे ठेवायचे कुठे? काका म्हणाले, ते तू बघ, तुझं घर आहे. कागद गावातल्या लायब्ररीने आनंदाने घेतले. कपाट चॅरिटी शॉपवाल्यांनी नेलं. मी टेस्ट पास झाले. निघायच्या दिवशी काकांनी दारांवरच्या मेझुझाच्या डब्या स्वतः स्क्रू फिरवून काढल्या, मग मला एक चौकट दिली. "हा तुला. लायब्ररीला खोटा माल देणं बरं नव्हे." तो त्यांचाच कागद होता, उजव्या हाताने दांडा ओढणारा. मी आता राहते त्या फ्लॅटमध्ये तो माझ्या कामाच्या टेबलावर आहे.

वसंतात दीनाने मला कार्डिफला बोलावलं. नव्या घरात आल्याचा मलिदा होता. पोहे, नारळ, साखर, वेलची, फळं आणि एलियाहू पैगंबराची प्रार्थना. कार्डिफमध्ये त्या प्रार्थनेला लागणारे दहा ज्यू पुरुष जमणं अशक्य होतं, तेव्हा शेजारपाजारचे जे आले त्यांच्यावर भागवायचं ठरलं. मी लवकर पोचले. दार दीनाने उघडलं आणि मी पॅसेजमध्येच थांबले.

ठसे तिथे होते. भिंतीवर, पण डोळ्यांच्या उंचीला नाही, कमरेच्या जरा वर, जिथे चालताना हात येतो तिथे. काका खोलीतून बाहेर आले, हात भिंतीवर ठेवला आणि मला घर दाखवायला निघाले.

"ही सायकलवाली. ही जाते तिकडे स्वयंपाकघर. बदकं आली की बाथरूम. हे शेवटचं इथे," त्यांनी जिन्याच्या तोंडाशी हात थांबवला, "काय आहे सांग."

बर्फावर आपटलेला पाद्री होता.

"इथे पाय जपून टाकायचा," काका म्हणाले. "दीनाचं डोकं आहे. मी नुसते ठसे आणले."

"पहिल्यांदा मी सायकलवाली समोरच्या भिंतीला लावली," दीना म्हणाली. "मग डॅड दोन दिवस ब्रेकफास्टला बाथरूममध्ये जात होता. ब्लॉकमध्ये ती डाव्या साइडला जाते ना. मला माहीत असून मी चुकले."

"बाईपण चुकली होती एकदा," काका म्हणाले.

पॅसेजच्या टोकाला त्यांच्या खोलीचं दार होतं. चौकटीला मेझुझाची डबी, आणि तिच्या शेजारी तो पलंगाजवळचा ठसा. माझ्या घरी ज्याचा कागद होता तोच. मी बघायला वाकले, तर काकांनी माझ्या डोळ्यांसमोर हात आडवा धरला.

"तसं नाही. मीट डोळे. आता काय दिसतं?"

मी डोळे मिटून ठशावर बोटं ठेवली. आधी नुसत्याच रेघा लागल्या, बारीक, धारदार. मग हळूहळू कळायला लागलं. यंत्राची चौकट. वाकलेली पाठ, शर्टाच्या चुण्या. कमरेवर ठेवलेल्या हाताची बोटं मोजता येत होती.

"माणूस आहे," मी म्हटलं. "पाठमोरा. उजवा हात कमरेवर."

"आणि डावा?"

मी डावीकडे बोटं नेली. तिथे काही लागेना. रेघ नाही, धार नाही. दगड पाण्यात राहून होतो तसं लाकूड मऊ लागत होतं.

"डावीकडे काही नाही काका. नुसतं गुळगुळीत आहे."

"परत बघ."

मी परत बोटं फिरवली. तेवढीच जागा बोटं फिरून फिरून झिजलेली होती, बाकी सगळा ठसा काल कोरल्यासारखा होता.

"तोच हात," काका म्हणाले. "जपून गो. थोडाच उरलाय."